बोटभर कललेला आरसा

मोटारसायकलचा उजवा आरसा कसा लावलेला असतो, ते कधी नीट पाहिलंय का, मंडळी? गाडी ज्याची, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. उंच माणूस उतरला आणि त्याच गाडीवर ठेंगणं माणूस बसलं, की त्याला आरशात मागचा रस्ता दिसत नाही. आभाळ दिसतं. मग ते आरसा बोटभर खाली कलवतं. आता उंच माणूस परत येऊन बसला, की त्याला काय दिसणार? मागच्या चाकाजवळची खडी! आरसा तोच, गाडी तीच. फरक बोटभराचा.

हा बोटभर कललेला आरसा म्हणजे आजचं आख्यान. हसू नका. पेटीवाले काका, तुम्हीसुद्धा.

आणि प्रश्न असा आहे. माणूस एखाद्या गोष्टीची वाट पाहतो. आपण त्याला सबुरी म्हणतो, श्रद्धा म्हणतो, कौतुक करतो. पण त्या वाट पाहण्याचं ओझं वाहतं कोण? जो वाट पाहतो तोच वाहतो? की दुसरंच कुणी ते डोक्यावर घेऊन उन्हात उभं असतं, आणि आपण सावलीला बसून म्हणतो — बघा, मी किती धीराचा माणूस?

ऐका तर.

पाटणला श्रीरंग घाडगे नावाचे एक गृहस्थ राहत. मोजणी खात्यात नोकरी. कुणाचा बांध कुठं, कुणाची हद्द कुठवर, हे सांगणारा माणूस. उंच, सडपातळ, शांत. भांडणारे दोन भाऊ दोन्हीकडून ओरडत असले, तरी हा मधे उभा राहून म्हणायचा, "ओरडून जमीन वाढत नाही, पाहुणं. साखळी धरा." असा समाधानी जीव! घर होतं, नोकरी होती, बायको होती — उज्ज्वला. आणि एक जुनी मोटारसायकल होती.

उज्ज्वलाताई अंगणवाडी सेविका. उंचीनं श्रीरंगरावांच्या खांद्याला लागायच्या. गावातली निम्मी पोरं त्यांच्या हाताखालून पहिलीत गेलेली. काम इतकं चोख, की त्यांना बढती आली. मुख्यसेविका! म्हणजे काय, तर घाटावरच्या वाड्यांतल्या सगळ्या अंगणवाड्या त्यांनी पाहायच्या. पोरांची वजनं बरोबर घेतात का, खाऊ पोचतो का, गरोदर बायकांकडं लक्ष आहे का. मोठं काम. पण त्या वाड्यांना एसटी जाते एकदा आणि परत येते कधीतरी. तिथं जायला आपलं वाहन पाहिजे.

ताई म्हणाल्या, "अहो, मला गाडी शिकवता का?"

श्रीरंगराव म्हणाले, "शिकवतो की. नवीन मॉडेल येऊ दे. मी ते घेतो, ही जुनी तुझी. मग निवांत शिक. एकाच गाडीवर दोघांचा हात बसला तर गाडी बिघडते."

आता हे कुठल्या शास्त्रात लिहिलंय, मला ठाऊक नाही. पण कितीतरी घरांत हे शास्त्र पाळतात. मागच्या ओळीतली मंडळी खाली बघायला लागली, म्हणजे या गावातही पाळतात!

तर नवीन मॉडेल. कराड रस्त्याला जे शोरूम आहे ना, त्याच्या काचेवर त्या गाडीचं मोठं चित्र लावलेलं होतं. लालभडक टाकी, आणि खाली अक्षरं — 'लवकरच येत आहे'. म्हणे दसऱ्याला येणार. दसरा आला, गाडी नाही आली. म्हणे पाडव्याला. पाडव्याला गुढी उभी राहिली, गाडी नाही. काचेवर ऊन यायचं, त्या उन्हानं चित्रातली लाल टाकी आधी नारिंगी झाली, मग गुलाबी झाली. 'लवकरच' ही अक्षरं पुसट होत गेली. श्रीरंगरावांची आशा मात्र टवटवीत!

आणि खरं सांगू? त्यांना वाट पाहण्यात सुख होतं. जुन्या गाडीच्या सर्व्हिसिंगला ते स्वतः जायचे. गाडी आत दिली, की काचेपलीकडच्या बाकावर बसायचं. चहा यायचा. आत गाडी धुतली जातेय, साखळीला तेल लागतंय, आणि समोर ते गुलाबी चित्र. बसल्या बसल्या मनातल्या मनात घाट चढायचा, घाट उतरायचा. काउंटरवरची मुलगी म्हणायची, "काका, गाडी तयार आहे." हे म्हणायचे, "असू दे गं. बसतो जरा."

त्या बाकावर ते सुखानं बसलेले असत, तेव्हा उज्ज्वलाताईंना कार्यालयातल्या मॅडम विचारत, "होकार कधी कळवताय?" ताई म्हणायच्या, "थोडी मुदत द्या." मुदत मिळाली. परत मागितली. परत मिळाली. मग मॅडम म्हणाल्या, "बाई, वाड्यांवरची पोरं मुदत देत नाहीत. या सोमवारी दुपारपर्यंत हो किंवा नाही. नाहीतर पुढच्या नावाला विचारते."

इथं आपला आरसा येतो.

श्रीरंगराव मोजणीला लांब जायचे, तेव्हा ऑफिसची जीप न्यायला यायची. गाडी घरी. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीवर बसावं, तर आरसा खाली कललेला! मागचा रस्ता दिसायच्या जागी खडी. हे आरसा वर करायचे, चार दिवस ठीक. परत जीपचा दिवस आला, की परत आरसा खाली.

मंडळी, तुम्हाला कळलं. समोर बसलेल्या मावशींना तर आधीच कळलं होतं, त्या पदर तोंडाला लावून हसताहेत. पण ज्यानं तालुक्याच्या हद्दी मोजल्या, त्याला नाही कळलं!

ते गेले सर्व्हिसिंगला. मुजावर मिस्त्री तिथले जुने माणूस. त्यांना म्हणाले, "मिस्त्री, आरसा आपोआप खाली येतोय."

मिस्त्रींनी नट पाहिला, वायसर बदलला, पाना लावून आवळला. "आता हाललं तर मला सांगा, साहेब."

हलला. परत नेली. मिस्त्री बुचकळ्यात. म्हणाले, "साहेब, रस्ता लई खराब हाय तुमच्याकडं. हादऱ्यानं येत असंल."

"हो, हादराच असणार," श्रीरंगराव म्हणाले.

"नाहीतर मांजर बसत असंल त्यावर."

"आमच्याकडं मांजर नाही."

"शेजाऱ्याचं?"

दोन शहाणी माणसं, मंडळी! हादरा झाला, मांजर झालं, शेजाऱ्याचं मांजर झालं. घरात आपल्याहून वीतभर ठेंगणं एक माणूस राहतं, हे दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. का नाही आलं? डोळे होते, अक्कलही होती. पण 'ती गाडी चालवेल' ही गोष्ट 'नवीन मॉडेल आल्यावर' या डब्यात झाकण लावून ठेवली होती. झाकलेल्या डब्यात काय शिजतंय, ते कसं दिसावं?

मग आला तो सोमवार. आणि बघा योग — त्याच सकाळी शोरूममधून फोन. "काका, नवीन मॉडेल आलंय!"

श्रीरंगरावांना आनंद मावेना. म्हणाले, "चल उज्ज्वला, तूही चल. जुनीची सर्व्हिसिंग होईल, नवी बघून होईल, मग तुला ऑफिसला सोडतो."

"आणि ऑफिसात काय सांगू?"

"सांग की, गाडी बुक केली. दोन महिन्यांत हातात येईल. मग ही तुझी. शिकायला दोन महिने धर. तेवढं थांबतील की."

ताईंनी पदर खोचला. नेहमीसारख्या मागं बसल्या, एका बाजूला पाय सोडून.

शोरूमला गर्दी. नव्या गाडीला हार, समोर नारळ, चाकाखाली लिंबू. जुन्या चित्रातल्यासारखीच लाल. तोवर मिस्त्रींनी जुनी गाडी करून दिली, श्रीरंगरावांना बसवून आरसा त्यांच्या डोळ्यांना लावून दिला, आणि छाती ठोकून सांगितलं, "आता हा आरसा मी मेल्यावरच हालंल." गाडी काचेबाहेर, रस्त्याकडं तोंड करून उभी केली. उज्ज्वलाताई तिच्याजवळ थांबल्या. श्रीरंगराव आत गेले आणि नव्या गाडीवर बसले.

काय सांगू त्यांचं सुख! हँडल हाताला आलं. पाय टेकले. काचेवरचं ते फिकट चित्र आता काढून टाकलं होतं, समोर स्वच्छ काच, त्यापलीकडं रस्ता. विक्रीवाला मुलगा म्हणाला, "काका, रंग कोणता लिहू?"

तेवढ्यात बाहेर टेम्पो आला. आणखी नव्या गाड्या घेऊन आलेला. त्याला आत यायला वाट पाहिजे, आणि वाटेत जुनी गाडी. मिस्त्रींनी हाक मारली, "वहिनी, गाडी जरा बाजूला घेता का? थांबा, मीच येतो —"

मिस्त्री येईपर्यंत वहिनी गाडीवर बसल्या होत्या. एका बाजूला पाय सोडून नाही, दोन्हीकडं पाय टाकून! न बघता टाचेनं स्टँड उडवलं. चावी फिरवली, गाडी चालू केली, सरळ रेषेत पुढं नेली, टेम्पोला जागा दिली आणि थांबवली. आणि मग — सवय हो, सवय! — उजवा हात आपसूक पुढं गेला. दोन बोटांनी आरसा खाली कलवला. बोटभर.

श्रीरंगराव आतून बघत होते. ते तिच्या बरोबर मागं, काचेआड. आरसा खाली आला आणि त्या आरशात त्यांना दोन डोळे दिसले. बायकोचे.

आता हा मोजणीचा माणूस. नजरेची रेषा म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको. ज्याचे डोळे आपल्याला आरशात दिसतात, त्याला आपणही त्या आरशात दिसत असतो. रेषा एकच, दोन्हीकडून सारखी. म्हणजे आरसा ढिला नव्हता. हादरा नव्हता. मांजर तर नव्हतंच! तो दर वेळी बरोबर लावलेला होता, एका माणसाच्या डोळ्यांना. आपल्या नव्हे, एवढंच.

"काका, रंग?" मुलानं परत विचारलं.

"रंग राहू दे, बाळा," ते म्हणाले. उतरले. बाहेर आले.

"उज्ज्वला."

त्या दचकल्या. उतरायला लागल्या.

"उतरू नको. कधी शिकलीस?"

"तुमच्या मागं बसून."

"मागं बसून?"

"क्लच डाव्या हाताला, गिअर डाव्या पायाला. आणि बाईमाणूस बसतं डावीकडं तोंड करून. इतकी वर्षं दुसरं काय बघत होते मी? मग तुम्ही जीपनं गेलात की बाजारतळावर न्यायची. बाजार नसायचा त्या दिवशी."

"अगं, लायसन?"

"काढलंय. पक्कं."

मिस्त्री पाना हातात धरून उभे. म्हणाले, "वहिनी, म्हंजी ते मांजर —"

"मीच," ताई म्हणाल्या.

श्रीरंगरावांना हसू आलं, पण पुरतं बाहेर येईना. त्यांनी विचारलं, "मग परत ठेवताना आरसा वर का नाही करायचीस? मला कळलंही नसतं."

ताई म्हणाल्या, "म्हणून तर नाही केला. म्हटलं, हा माणूस दुसऱ्यांच्या बांधाचा इंच सोडत नाही. आपल्या घरातलं बोटभर कधीतरी दिसेल."

"तोंडानं सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, नवीन मॉडेल येऊ दे."

मंडळी, श्रीरंगरावांनी मागं वळून त्या काचेकडं पाहिलं. ते गुलाबी चित्र, तो बाक, तो चहा, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यांची वाट पाहणं किती गोड होतं! आणि ती वाट कुणाच्या खांद्यावर होती, ते आत्ता आरशात दिसलं.

घड्याळ दुपारकडं निघालं होतं. श्रीरंगरावांनी आरशाला हात लावला नाही. ते मागं जाऊन बसले. आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या मागं बसले, तर हात कुठं ठेवावेत कळेना. मांडीवर ठेवले, मग सीटला धरले. वळणावर ओरडले, "हळू!" ताई म्हणाल्या, "आहे हळूच." आणि नव्या गाडीचं? मिस्त्री मागून हाक मारत होते, "साहेब, बुकिंगचं काय?" साहेबांनी नुसता हात हलवला. मला ऑफिसची जीप आहे, असं काहीसं म्हणाले म्हणतात. टेम्पोच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.

तर आता मी तुमच्याकडं वळते. देवळाबाहेर आज बऱ्याच गाड्या उभ्या आहेत, मी येताना पाहिल्या. घरी जाल तेव्हा आरशाकडं बघा. तो कुणाच्या उंचीला लावलाय? आणि तो कुणीतरी अधूनमधून हळूच कलवतं का? सून शिकायचं म्हणते, तिला आपण म्हणतो, घर होऊ दे. म्हातारी म्हणते, बहिणीला भेटव. आपण म्हणतो, सुगी होऊ दे. आणि ज्याच्या दारात आत्ता बसलो आहोत, त्या देवालाही आपण तेच सांगतो — बाबा, जरा मोकळा होऊ दे, मग तुझं नाव घेईन. तो काही बोलत नाही. आपला आरसा बोटभर कलवून ठेवतो आणि वाट पाहतो. आपण म्हणतो, हादरा असेल!

समाधान चांगलं. पण माझं समाधान दुसऱ्याच्या मुदतीवर पोसलेलं असेल, तर ते समाधान नव्हे. ते नुसतं सावलीत बसणं आहे.

ताई कार्यालयात पोचल्या. मॅडम जेवणाचा डबा उघडत होत्या. श्रीरंगराव दाराशी थांबले, आत गेले नाहीत. त्यांच्या हातात चावी होती. उतरताना सवयीनं घेतलेली. ती त्यांनी पुढं होऊन ताईंच्या हातात दिली आणि परत दाराशी जाऊन उभे राहिले.

मॅडमनी वर पाहिलं. "हं, बोला. परत मुदत?"

ताईंनी चावी मुठीत धरली.

"नको मॅडम. वरच्या वाड्या मला द्या. मी उद्यापासून जाते."