बाबांच्या उशाचा दिवा

हॅलो?… हॅलो, कोण?… फुम! अरे फुम, आहेस कुठे तू?

सकाळपासून फोन लावून लावून बोट झिजलं माझं… कुठे? बंबाच्या स्टेशनात? आज सुट्टी आहे ना तुझी? तिथे काय करतोयस?… नुसता बसलायस. छान. इथे विहारात बाबांची शवपेटी, आणि लेक तिकडे बंबावर चढून बसलाय!

मी ओरडत नाहीये… बरं, ओरडतेय. ओरडू नको तर काय करू? ऐक, ऐक ना. थोरले भंते कधीचे येऊन बसलेत. चीवर घडी करून तबकात ठेवलंय. दुपारच्या जेवणाआधी तुझी आजच्या दिवसापुरती दीक्षा झाली पाहिजे, चारला बाबांना अग्नी. पेटीला बांधलेला दोरा धरून पुढे चालायचं कुणी? मी?… मला बाईला घेतात का श्रामणेर म्हणून?

…येणार नाही म्हणजे काय?

फुम, असं बोलू नकोस. हात जोडते तुझ्यापुढे… फोन खांद्यात धरलाय आणि खरंच हात जोडलेत, बघायला तू इथे पाहिजेस.

थांब हं… आत्या, ते मासे मोठ्या पातेल्यात, मोठ्या!… हो, त्याचाच फोन… नाही, अजून नाही म्हणतोय… हं, बोल. बुन्मा आत्या विचारत होती. ती बघ, पदराने डोळे पुसत गेली परत चुलीकडे.

आणि तुझ्या मागे कोण खिदळतंय?… भुवया नाहीत म्हणून? मग काल डोक्यासोबत भुवयाही उतरवल्या, ते काय हौस म्हणून? सांग त्यांना, बापासाठी उतरवल्यात. आईने पहिली बट कापली तुझी. ते केस अजून कमळाच्या पानात तसेच ठेवलेत. मुंगी लागली पानाला, तरी ती हलवू देत नाही.

…हो, माहीत आहे. माहीत आहे मला काय झालं ते. सगळ्यांनी ऐकलं.

अरे, आई बोलली. बाईमाणूस, नवरा गेलेला, डोळ्याला डोळा नाही. पहाटे उठून बघते तर बाबांच्या उशाचा दिवा विझलेला. वारा नव्हता, तेल भरलेलं. आणि तू शेजारी घोरतोयस! काय म्हणेल ती?… ‘बापाला अंधारात सोडलंस’ असं म्हणाली, हो. म्हणायला नको होतं.

…फुम. तू मुद्दाम नाही विझवलास.

मला कसं कळलं? काजळी होती ना तुझ्या बोटांना! चिमटी काळी तुझी. थुंकी लावून वात चिमटलीस, उदबत्त्या राखेत उलट्या खोचल्यास, आणि मग आडवा झालास. झोपेत. हाताने आपोआप केलं. घरी रोज करतोस तसं… अरे, आपल्या घरात दुसरं शिकवलंय काय कुणी? लोकांची पोरं पाढे म्हणून झोपायची, आपण पेटलेलं शोधत फिरायचो.

डासांची अगरबत्ती आठवते? बाबा पाण्याच्या ताटलीत उभी करायचे. डास हसायचे आपल्याला!… आणि माझ्या वाढदिवसाला? गाणं संपायच्या आत मेणबत्ती फुंकून मोकळे. मी भोकाड पसरलं होतं… हो ना, तू सगळं क्रीम चाटलंस तेवढ्यात.

हसलास. हसलास ना आत्ता?… बरं, नाही हसलास. ये पण. ये ना रे.

…कुणी काही म्हणत नाही. फोएम म्हणाली? ती कधी म्हणाली?… नाही, ती म्हणाली ‘पोरगा दमला असेल’. नूडलवाली फोएम रे, ती काय म्हणेल बाबांच्या पोराला! लाकडी बाजार जळाला तेव्हा तिच्या सासूला पाठीवर घालून आणलं बाबांनी. म्हातारी जमिनीवर टेकते न टेकते तोच ओरडली, माझी कवळी राहिली! आणि बाबा परत आत. कवळीसाठी! आईने त्यानंतर कितीतरी दिवस अबोला धरला. म्हणायची, पोटची दोन पोरं घरात आणि हा माणूस दुसऱ्याच्या दातांसाठी मरायला निघाला… ती फोएम आज पहाटेपासून भांडी घासतेय इथे. कुणी बोलावलं नव्हतं.

फुम, ऐक. मला अग्नीच्या आधी माईकवर बाबांची जीवनकथा वाचायचीय. नगरपालिकेने पाठवलीय. काय आहे त्यात? अग्निशमन दलात भरती झाले, अमक्या साली बढती, तमक्या साली बिल्ला, मग निवृत्त. आटोपलं! यात बाबा कुठायत, मला सांग? माझ्या वेण्या कुठायत? शाळेच्या आधी रोज बाबाच घालायचे. नळीच्या गाठीसारख्या घट्ट, संध्याकाळपर्यंत डोळे ताणलेले माझे. आगीवरून आले की आधी अंगणातल्या रांजणावर अंघोळ, मगच आपल्याला जवळ घ्यायचे. तरी धुराचा वास राहायचाच. मला तो वास आवडायचा रे… आईचं ऑपरेशन झालं तेव्हा पेज भरवायचे तिला, प्रत्येक चमचा आधी स्वतःच्या ओठाला लावून. निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी बाजारात फेरी, केळी तळणाऱ्या बायांच्या शेगड्या बघायला. त्या वैतागायच्या. काल त्याच सगळ्या रांगेत बसल्या होत्या, पेटीसमोर.

मला हे कुणाजवळ बोलता येत नाही. आईजवळ बोललं की ती रडते, बोललं नाही की मी रडते. तू पाहिजेस मला. कळतंय का? मला तू पाहिजेस.

…हॅलो? आहेस ना?

…नाही, तसं नसतं. तुझ्या हातून अपशकुन झाला, आता चीवराला हात लावायचा हक्क नाही, हे कुणी सांगितलं तुला?… तुझं तूच ठरवलंस. भंतेंना विचारलंस? मी विचारलं. भंते म्हणाले, दिवा विझला तर परत लावावा. एवढंच म्हणाले आणि चहा मागितला.

अरे, बाबांनी आपल्याकडे काय मागितलं कधी? एकच. ‘फुम, एकदा चीवर घाल, तुझ्या चीवराचा काठ धरून वर जाईन मी.’ आणि तू? उन्हाळ्यात आगी फार, पावसाळ्यात पूर, हिवाळ्यात माणसं कमी. ‘पुढच्या वर्षी, बाबा.’ दर वर्षी पुढच्या वर्षी! ते काही बोलले? उलट सांगायचे लोकांना, माझ्या पोराला सुट्टी मिळत नाही, कामाचा आहे माझा पोरगा… आज शेवटचं आहे, फुम. चारनंतर कुणासाठी घालशील? काठ धरायला असेल का कुणी?

…रडू नकोस. नको ना रे. मला ऐकवत नाही.

नाही, मी बघून सांगते, आई रागावलेली… अगं आई! तू कधीपासून उभी आहेस मागे?

फुम, थांब, ठेवू नकोस. आई आहे. सगळं ऐकत होती… काय?… नाही, ती फोन घेत नाही. हात हलवतेय नुसता. काय म्हणतेस, आई? मोठ्याने बोल, इथे खवणीचा आवाज आहे.

…ती विचारतेय, वात चिमटून झाल्यावर काही म्हणालास का तू?… आठवत नाही?… आई, त्याला आठवत नाही म्हणतो.

आई म्हणते, तिला आठवतंय. पहाटे जरा डोळा लागला होता, तेव्हा ऐकू आलं. तिला वाटलं स्वप्न पडलंय. ‘विझलं सगळं. झोपा आता.’

हो… हो रे. बाबांसारखंच. रोज रात्री म्हणायचे तसंच.

…गप्प हो, ऐक, आई बोलतेय अजून. काय, आई?… आई म्हणतेय, घरात साधी उदबत्ती जळत असली तरी हा माणूस जागा राहायचा. जन्मभर. आणि इथे आणून ठेवल्यापासून रोज रात्रभर उशाला दिवा. झोप कुठली लागली असेल त्यांना! काल लागली. तू झोपवलंस.

…फुम?

…नाही, परत नाही लावला. आत्या काडी ओढणार होती, आईने हात धरला तिचा आत्ता. चारला आहेच म्हणते मोठी आग. तोवर झोपू दे त्यांना.

हं… हं… रड. मीही रडतेय.

आता काय?… आई गेली. चप्पल न घालताच गेली बघ. आई, ऊन आहे! कुठे चाललीस?… फाटकाशी. फाटकाशी जाऊन उभी राहिलीय, रस्त्याकडे तोंड करून.

अरे, का म्हणजे? एकदा चीवर अंगावर चढलं की तिला हात लावता येतो का तुला? जवळ बसताही यायचं नाही, तुझ्यापुढे वाकावं लागेल तिला. आज अग्नीच्या वेळी सगळे एकमेकांना धरून रडतील, आणि तू तिच्या समोर असशील हाताच्या अंतरावर, पण तिला धरता येणार नाही. म्हणून आधी पाहिजेस तिला तू. भंतेंच्या आधी. फाटकातच.

…हो. हो, सांगते… स्वतः नको चालवूस, कुणाला तरी सोडायला सांग. डोळे पुस आधी… बंब? बंबातून सोडतायत? सोडू देत, कशातूनही ये, पण…

हॅलो?… हॅलो, फुम?…

ठेवला. आत्या! भंतेंना म्हणावं, अजून एक चहा घ्या. आईला त्याला पोटभर जवळ घेऊ दे, तोवर आत बोलावू नका कुणी.