शहाणं बाळ कोणाचं?

आजच्या निवृत्ती समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे संचालक महोदय. डॉक्टरबाईंना त्यांच्या विद्यार्थिदशेत शिकवणारे आणि आज मुद्दाम प्रवास करून आलेले वयोवृद्ध सर. ज्यांच्यासाठी हे सभागृह भरलं आहे त्या आपल्या डॉक्टरबाई. पहिल्या रांगेत अवघडून बसलेले त्यांचे यजमान. बाईंच्या विभागातल्या सिस्टर्स आणि प्रयोगशाळेतली मंडळी. जमलेले आईबाबा, आजीआजोबा. आणि खुर्च्यांच्या खाली ज्यांची वेगळीच सभा रंगली आहे ते छोटे सभासद, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी डॉक्टर नाही. पालकांच्या वतीने कोणीतरी बोलावं असं ठरलं आणि सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळली. का, तर म्हणे माझी मुलगी या विभागाची अगदी सुरुवातीची पेशंट. वयाचा मान असा मिळतो! असो. निवेदिका बाईंनी मघाशी सूचना केली, की रडणाऱ्या मुलांना कृपया बाहेर न्यावं. त्या सूचनेबद्दल मला थोडं बोलायचं आहे, पण शेवटी.

माझं शिक्षण नन्सच्या शाळेत झालं. तिथे गप्प बसणं हा जणू गणित-भूगोलासारखा एक विषयच होता. वर्गात कोणी शिंकलं तरी सिस्टर चष्म्यावरून पाहायच्या. वर्षाच्या शेवटी सगळ्यात शांत मुलीला निळी फीत मिळायची. मला ती मिळाली होती, आणि ती अजून माझ्या कपाटात आहे. आता हसताय, पण त्या वयात तो केवढा मोठा सन्मान वाटायचा म्हणून सांगू!

म्हणूनच माझी मुलगी झाली तेव्हा मला वाटलं, ही निळी फीत लावूनच जन्माला आली. रडणं नाही, भोकाड नाही. दूध पिता पिता झोपून जायची. उठवलं तर डोळे किलकिले करून पाहायची आणि पुन्हा झोपायची. येणारी-जाणारी म्हणायची, "काय शहाणं बाळ आहे हो!" आमच्या सासूबाईंना तर आभाळ ठेंगणं झालं होतं. त्यांची चारही मुलं म्हणजे घर डोक्यावर घेणारी. त्यातलं सगळ्यात रडकं माझ्या वाट्याला आलं, हे त्या मला वरचेवर ऐकवत. या गप्प नातीचं नाव त्यांनी लाडाने ‘गप्पू’ ठेवलं.

गप्पूला लस द्यायला आम्ही याच रुग्णालयात आलो. जुन्या इमारतीतला तो लांब व्हरांडा तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. भिंतीला लागून बाकं, बाकांवर बायका, बायकांच्या मांडीवर मुलं, आणि त्या सगळ्या मुलांचा मिळून एक सूर. त्या गोंगाटात एक शिडशिडीत, तरुण डॉक्टर आली आणि मोठ्याने म्हणाली, "शहाणं बाळ कोणाचं आहे?"

सासूबाईंनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "आमचं!"

मला वाटलं, आता बक्षीस मिळणार.

डॉक्टरबाई आमच्यासमोर चक्क जमिनीवर बसल्या. गप्पूचे पाय हातात घेतले. ते नेहमी गार असायचे. गालावरची पिवळी छटा पाहिली, जिभेचं टोक बाहेर डोकावत होतं ते पाहिलं. मग म्हणाल्या, "आजी, हिच्या टाचेतून एक थेंब रक्त घ्यायचं आहे."

झालं! सासूबाईंचा पारा चढला. "अहो डॉक्टरीणबाई, एवढी पोरं किंचाळतायत, त्यांना टोचा की! आमचं एक शहाणं निघालं तर तुम्हाला बघवेना होय?"

"शहाणं आहे म्हणूनच, आजी."

"वा! म्हणजे आता शहाणपणालाही औषध निघालं का?"

सर, तुमच्या या विद्यार्थिनीच्या मनात तेव्हा काय होतं, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळलं. तिच्याकडे वाढ खुंटलेली मुलं यायची, चालायला-बोलायला उशीर झालेली. चार-चार, पाच-पाच वर्षांची. गळ्यातली ती एवढीशी थायरॉइड ग्रंथी जन्मापासूनच नीट काम करत नव्हती, हे फार उशिरा समजलेलं असायचं. गोळी दिली की हाडं थोडी वाढायची, पण मेंदूच्या वाढीचे सुरुवातीचे दिवस हातचे निघून गेलेले, ते परत कुठून आणायचे? डॉक्टरबाई त्या आयांना विचारायच्या, तान्हेपणी कसं होतं हो बाळ? आणि आया डोळे पुसत एकच उत्तर द्यायच्या, "फार शहाणं होतं हो. कधी त्रास म्हणून दिला नाही."

तेच ते वाक्य, वेगवेगळ्या तोंडून. दुसऱ्या कोणी ते ऐकून मान डोलावली असती. या बाई त्या वाक्यावर अडून बसल्या. ज्या शब्दाने घरादाराला आनंद होतो, तोच शब्द आजाराची पहिली खूण तर नसेल? त्यांच्या संशोधनाची सुरुवात अशी एका कौतुकाच्या शब्दापासून झाली. म्हणून तर त्या व्हरांड्यात येऊन हाका मारत होत्या.

पण हे सगळं सासूबाईंना तिथे, त्या बाकावर कोण समजावणार? डॉक्टरबाईंनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या, "आजी, तुम्ही चार मुलं वाढवलीत. हिला जरा रडवून दाखवा. रडली तर मी निघून जाते."

"त्यात काय!" म्हणत सासूबाईंनी पदर खोचला.

आधी टाळ्या वाजवल्या. मग कानाशी चुटक्या. मग गुदगुल्या. मग दुपटं काढून घेतलं. शेवटी तळपायावर टिचक्या मारल्या. शेजारच्या बाकावरची पोरं ते पाहूनच रडायला लागली. गप्पूने डोळे उघडले, आजीकडे पाहिलं, आणि ती पुन्हा झोपली.

सासूबाईंचा हात तसाच थांबला. मी त्यांच्याकडे पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक हळूहळू उतरत गेलं आणि त्याखालची भीती दिसायला लागली. नातीचा पाय त्यांनी स्वतःच उचलून पुढे धरला. "टोचा," म्हणाल्या.

शाळेत आम्ही शाईचे डाग टिपायला गुलाबी टीपकागद वापरायचो. डॉक्टरबाईंनी टाचेतला थेंब तसल्याच एका जाड, पांढऱ्या कागदावर टिपला. तेव्हाही गप्पू रडली नाही, नुसता पाय आखडून घेतला. माझी मुलगी वाढेल की नाही, आपल्या नावाला ओ देईल की नाही, हे त्या लाल ठिपक्यात होतं. तो कागद घेऊन बाई व्हरांड्यातून जवळजवळ पळतच गेल्या.

त्यांना वाटलं होतं तेच निघालं. दुसऱ्याच दिवशी त्या गोळ्या घेऊन आमच्या घरी आल्या. एक इवलीशी गोळी चमच्यात चुरायची, अंगावरच्या दुधाच्या दोन थेंबांत कालवायची आणि पाजायची. मी विचारलं, "वेळेत सापडलं का हो?" बाई खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "मला वाटतं, हो. पण वाट पाहू या. पहिली बातमी हिच्याच तोंडून येईल."

आम्ही वाट पाहिली. घरात कोणी मोठ्याने बोलेना. सगळ्यांचे कान पाळण्याकडे.

आणि एका दुपारी, मी कपडे वाळत घालत असताना, गप्पू रडली. कुरकुर नव्हे हो, चांगला टाहो फोडून! सासूबाई धावत दारात गेल्या आणि "रडली! आमची रडली!" म्हणून ओरडायला लागल्या, आणि स्वतःही रडायला लागल्या. समोरच्या काकूंना वाटलं, घरात काही अघटित घडलं. त्या बिचाऱ्या हातातलं काम टाकून सांत्वनाला आल्या, आणि बघतात तर आम्ही हसतोय! मग सासूबाईंनी रुग्णालयात फोन लावला आणि रिसीव्हर सरळ बाळाच्या तोंडापाशी धरला. पलीकडे डॉक्टरबाई कितीतरी वेळ नुसत्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आजी, शहाणपण गेलं बरं का! अभिनंदन."

पुढची गंमत सांगायलाच हवी. सासूबाई गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हेत. त्यांनी ही हकिगत गल्लोगल्ली सांगितली, आणि परिणाम काय झाला? डॉक्टरबाई व्हरांड्यात "शहाणं बाळ कोणाचं?" विचारायला आल्या की सगळ्या आज्या एका सुरात म्हणायला लागल्या, "छे हो! आमचं महाद्वाड आहे!" चांगली झोपलेली पोरं पुढे करून म्हणायच्या, आत्ता आत्ता दमून झोपलंय! बाईंचा प्रश्नच निकामी झाला. मग त्यांनी ठरवलं, विचारायचंच नाही. शहाणं असो की द्वाड, जन्मलेल्या प्रत्येक बाळाची टाच टोचायची. संचालक महोदय, आज आपल्या रुग्णालयात प्रत्येक नवजात बाळाची ही तपासणी होते, तिचं बरंचसं श्रेय माझ्या सासूबाईंच्या तोंडाला द्यावं, अशी माझी नम्र विनंती आहे.

त्या आज हव्या होत्या. गप्पूची उंची मोजायला दर वर्षी त्याच तिच्याबरोबर यायच्या. पट्टीपाशी नात उभी राहिली की स्वतःच टाचा उंचावायच्या. आणि मुलांनी बाईंना ‘टाचबाई’ हे नाव ठेवलं, त्या नावाने सगळ्यात मोठ्याने हाक त्याच मारायच्या.

गप्पू आज वकील आहे. माझ्यापेक्षा हातभर उंच. रोज सकाळी ती गोळी घेते आणि मग दिवसभर बोलते. ‘गप्पू’ हे नाव गप्प बसण्यावरून पडलं की गप्पा मारण्यावरून, असं न्यायाधीशसुद्धा विचारतील. काल मी तिला म्हटलं, भाषण लिहिलंय, वाचून बघ. वाचून म्हणाली, "आई, फार लांब झालंय. आणि मला अतिशहाणी म्हणायचं राहिलंय." म्हटलं, ते मी जन्मभर टाळणार आहे.

डॉक्टरबाई, तुम्ही मला निळ्या फितीचा खरा अर्थ शिकवलात. आता उद्यापासून तुम्हाला व्हरांड्यातून जाण्याची घाई नसेल. तुमच्या यजमानांना सावध करते, बाई घरी फार शांत बसायला लागल्या तर काळजी घ्या, आणि आम्हाला फोन करा. आम्ही सगळे येऊन गोंगाट करू.

आता त्या सूचनेविषयी. मी बोलायला उभी राहिल्यापासून मागच्या रांगेत एक बाळ रडतं आहे. त्याचे बाबा ओशाळून दोनदा उठले. आणि दोन्ही वेळा मी पाहिलं, त्या आवाजाकडे डॉक्टरबाईंनी मान वळवली आणि त्यांचा चेहरा उजळला. कुठल्याही भाषणाने आज तसा उजळलेला नाही. तेव्हा बाबा, तुम्ही बसा. बाळाला कुठेही नेऊ नका.

आयोजकांनी मला बोलायला उभं केलं, तुम्ही माझं पाल्हाळ गोड मानून ऐकलंत, याबद्दल मनापासून आभार. माझ्याकडून कोणाचा उल्लेख राहिला असेल, मानापानात काही चुकलं असेल, तर मोठ्या मनाने क्षमा करा. मागच्या रांगेतल्या त्या बाळाच्या वतीने मात्र मी क्षमा मागणार नाही. डॉक्टरबाई, ते तुम्हालाच हाक मारतंय.