चिकटपट्टीचं दुमडलेलं टोक

– हळू बोला, भाऊ. दादाची मीटिंग चालू असली की घरात आवाज करायचा नाही आणि वाय-फायला हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा नियम. का, असं विचारायचं नाही. मी एकदा विचारलं तर बाबा असे बघायला लागले, जणू मी घर विकायला काढलंय. तुम्ही स्क्रूड्रायव्हर काढा, फक्त ती हत्यारांची पेटी टेबलावर आपटू नका.

हा लॅपटॉप. जुना आहे, दिसतंय मला. दादाचाच. म्हणजे आधी त्याचा, आता माझा – त्याची सायकल, त्याचं कपाट, सगळं असंच आलं, त्याचं वापरून झालं की. याच्या पोटात मोबाइल इंटरनेटचं कार्ड आहे – बॅटरीखाली सिम घातलं की वाय-फायशिवाय नेट चालतं. दादाकडे होता तेव्हा मस्त चालायचं. गच्चीत बसून तासन्तास बोलायचा तो यावर, कोणाशी ते सगळ्या घराला माहीत होतं, कोणी हूं की चूं केलं नाही. माझ्याकडे आला आणि कार्ड मेलं. नाही, ड्रायव्हर बघितला – नवा टाकला, जुना टाकला. सिम बदलून बघितलं. बाजूचं वायरलेसचं बटण चालू आहे. कार्ड दिसतं हो, सिमही ओळखतो – नुसता सिग्नल शोधत बसतो. माझं कॉलेज संपलं, याचं शोधणं संपेना. मोबाइलचं हॉटस्पॉट? तोही दादाचाच जुना, पाच मिनिटांत तापून बंद!

तासाभरात माझी मुलाखत आहे, म्हणून तर बोलावलं तुम्हाला. नोकरीची. दुसऱ्या शहरातली – श्श! – शहराचं आईला अजून सांगितलेलं नाही. आणि दादाची मीटिंग काही तोवर संपत नाही.

त्याची मुलाखत होती तेव्हाचा थाट बघायला हवा होता तुम्ही. बाबा शेजाऱ्यांकडे जाऊन भिंतीतलं ड्रिलिंग थांबवून आले. आईने कुकर लावला नाही, शिट्टी नको म्हणून – आम्ही सगळे ब्रेड खाऊन राहिलो. आणि मी? मी जिन्यात बसले होते, कोणी बेल वाजवू नये म्हणून! जळते का? हो, जळते. काल मीटिंगमध्ये त्याचं नेट अडकलं, तोंड उघडं ठेवूनच चेहरा गोठला, तर मला इतकं बरं वाटलं की मी पुन्हा चहा टाकला. हसू नका. तुम्हाला थोरला भाऊ नसणार.

उघडलं? थांबा, उजेड धरते. हे कार्ड ना? आहे की जागेवर. मग या दोन वायरी – काळी आणि पांढरी – अँटेनाच्या ना? त्या कार्डाला टोचलेल्या हव्यात. तुटल्यात? नाही? मग या अशा – गुंडाळून – वर चिकटपट्टी?

द्या इकडे.

भाऊ, हे टोक बघा. दुमडलंय. पुढच्या वेळी नखाने उकरत बसायला लागू नये म्हणून. असं एकच माणूस करतो. माझ्या वह्यांना कव्हरं घालून द्यायचा, तेव्हाही टोक असंच दुमडायचा. मला शिकवलंही होतं.

बाबा! बाहेर या. आई, तूही ये. असू दे मीटिंग! या वायरी काढायला दादाला कोणी सांगितलं?

तुम्ही सांगितलंत, बाबा? माझं अभ्यासात लक्ष लागावं म्हणून? त्याचं लागत होतं वाटतं गच्चीत? मी सुट्ट्या घालवल्या या डबड्यापुढे, स्वतःला मठ्ठ समजत होते मी – आणि तुम्ही बघत होतात, बाबा! मी ड्रायव्हर टाकत बसायचे आणि तुम्ही शेजारी चहा आणून ठेवायचात!

भाऊ, तुम्ही नका थांबू. दाबा वायरी. काळी तिकडे, पांढरी इकडे. बसल्या? झाकण नुसतं ठेवा, चालू करते.

काय म्हणालीस, आई? तारीख बदलून माग? दादाला आवाज जाईल? आणि काय? मघाशी भाऊंना सांगताना ऐकलंस? हो, दुसऱ्या शहरात – बरोबर ऐकलंस.

नाही. तारीख बदलणार नाही, शहर बदलणार नाही, आणि स्वयंपाकघरात बसून कुजबुजत मुलाखत देणार नाही. मी इथे बसणार, या टेबलाशी, आणि मोठ्याने बोलणार. दादाला त्रास झाला तर गच्ची मोकळी आहे.

सरका जरा, खुर्ची ओढते.

आणि दादा, तू दार किलकिलं करून काय बघतोयस? जा, तुझी मीटिंग चालू आहे ना?

आली, भाऊ. सिग्नलची एक दांडी. दोन. तीन.

स्क्रू राहू देत, मी लावते. ती चिकटपट्टी? फेकू नका. इथेच असू दे, टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी.

या तुम्ही आता.