समाजमंदिरातली नवी लाईट

चहा होऊस्तोवर आमच्या समाजमंदिरातल्या लाईटीचं ऐका. तिथं वीज लई जळती म्हणून सरपंचानं नवे दिवे बसवले. मला म्हणला, "आज्जी, आता बटण दाबायचं काम न्हाई. माणूस हललं की लाईट लागती, समदे न हलता बसले की आपोआप जाती."

मी म्हणलं, "मंग तुझ्या भाषणात अंधारच ऱ्हाईल की रे."

त्याच आठवड्यात शेजारच्या सरूचा नवरा गेला. सरू रडलीच न्हाई. कोणाशी बोलंना, घोटभर पाणी बी घेईना. तिची बहीण घनसावंगीहून आल्ती. ती माझ्या कानात म्हणली, "मावशी, ही रडून मोकळी झाली न्हाई तर हिचं काही खरं न्हाई."

सरूचं घर लहान, म्हणून दिवेलागणीला आम्ही बाया तिला घेऊन समाजमंदिरात बसलो. थंडी होती, खिडक्या लावून घेतल्या. दुखवट्याला बसल्यावर कोण हलतंय? समद्या माना खाली घालून गप. अन् लाईट गेली.

बहीण कुजबुजली, "मावशी, हात हलवा की."

"थांब जरा," मी म्हणलं.

कोणाचं तोंड कोणाला दिसंना. मंग सरूचा हुंदका ऐकू आला. आधी बारीक, मंग ती बसल्या जागी मोठ्यानं रडायला लागली. आम्ही अंगावरची माशी बी उडवली न्हाई.

लई वेळानं डोळे पुसायला सरूनंच हात वर केला, अन् लाईट लागली. माझ्याकडं बघून म्हणली, "मावशी, घोटभर पाणी द्या."