पदके उजवीकडेच होती

दिनांक ५ फेब्रुवारी २०२६, दुपारी १२.१०

मी, शुभांगी शिवपुत्र बिराजदार, वय ४४ वर्षे, धंदा फोटो स्टुडिओ, रा. बस स्टँडसमोर, मुरूम, ता. उमरगा, जि. धाराशिव. ठाण्यात बोलावल्यावरून समक्ष हजर राहून सांगते की,

मी वरील पत्त्यावर बावीस वर्षांपासून स्टुडिओ चालवते. दर २६ जानेवारीला झेंडावंदन झाले की गावातील माजी सैनिकांचे फोटो मी काढते. टोपीचा कल, पदकांची रांग माझ्या हाताने नीट करते. पदके छातीवर डावीकडे लावतात हे मला पाठ होते. पुढचा सगळा घोळ त्या पाठांतराने झाला.

यंदा त्या दिवशी सकाळी ९.४० वाजता हरणाबाई ज्ञानोबा साळुंके, वय ६१, एकट्या स्टुडिओत आल्या. त्यांचे पती नाईक ज्ञानोबा साळुंके १९९४ साली सीमेवर शहीद झाले. त्यांची तीन पदके हरणाबाईंनी उजव्या बाजूला लावली होती. मी म्हणाले, "काकू, बाजू चुकली. डावीकडं लावू द्या." त्या म्हणाल्या, "डावीकडं ज्यानं कमावली त्यानं लावायची. त्याच्या माघारी घरच्यानं लावली तर उजवीकडं. पलटणीत बोलावलं हुतं तवा साहेबानं सोता लावून दावली. तू गप फोटो काढ." मी गप फोटो काढला. बत्तीस वर्षांत पदके लावून त्यांनी काढलेला हा पहिला फोटो.

त्या गेल्यावर मी कॉम्प्युटरवर तो फोटो उलटा केला, म्हणजे आरशात दिसतो तसा. त्यामुळे पदके डावीकडे आली. म्हातारीची चूक झाकली असे मला वाटले. त्यांना विचारले नाही. मोठी प्रत काढून बाहेरच्या शोकेसमध्ये लावली.

दि. ३ फेब्रुवारी रोजी सकाळी ११ वाजता हरणाबाईंचे धाकटे दीर महारुद्र साळुंके, वय ५६, धंदा खत दुकान, आले. "बाई सोताला फौजी समजती व्हय?" असे म्हणून त्यांनी मोबाईलवर त्या फोटोचा फोटो काढला, नंतर शोकेसची काच फोडून फोटो फाडला. तोच मोबाईलवरचा फोटो जोडून त्यांनी तक्रार दिली की, हरणाबाईंनी महारुद्र यांच्या कपाटातून पदके चोरली व डाव्या छातीवर लावून सैनिक असल्याचा बनाव केला.

तो फोटो खरा नाही. त्यात पदर उजव्या खांद्यावर दिसतो. हरणाबाई पदर डाव्या खांद्यावर घेतात. आठ दिवस तो फोटो बस स्टँडसमोर होता, पण एकाही बाप्याच्या हे लक्षात आले नाही. हवालदारसाहेबांनी हे वाक्य आवश्यक आहे का असे विचारले. आवश्यक आहे. फाटलेले तुकडे जुळवून हरणाबाई त्याच संध्याकाळी मला म्हणाल्या, "ह्यो पदर माझा न्हाय, पोरी." मला एवढी लाज बावीस वर्षांत कधी वाटली नव्हती. मूळ फोटोचे मेमरी कार्ड हजर करत आहे. त्याची प्रत माझ्याकडे ठेवली आहे.

काल महारुद्र पुन्हा आले. "फोटो हाय तसाच काढला म्हणून सांग, काच बसवून देतो. न्हाईतर फोटोत लबाडी करणारी म्हणून लग्नाची एक ऑर्डर मिळू देणार न्हाय," असे म्हणाले. मिळाली नाही तर नाही. लबाडी मी केली आहे आणि ती मीच सांगणार. तिच्या जोरावर हरणाबाईंना चोर ठरवू देणार नाही.

चोरीबाबत विचारले असता सांगते की, पलटणीने पदके विधवेच्या हाती दिली होती. ती दिराच्या कपाटात कशी गेली हे दिराला विचारावे. २०११ ते २०२५ अशा पंधरा झेंडावंदनांचे फोटो मी सोबत देत आहे. प्रत्येकात महारुद्र पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले असून तीच तीन पदके त्यांच्या डाव्या छातीवर आहेत. ते एक दिवसही फौजेत नव्हते. ती पदके दरवर्षी मीच सरळ करून दिली आणि कधी विचारले नाही, ही माझी दुसरी चूक. या पंधरापैकी एकही फोटो उलटा केलेला नाही. शर्टाचा खिसा डावीकडे आहे, त्यावरून खात्री करावी.

वाद मिटेपर्यंत हरणाबाईंचा फोटो पुन्हा लावू नये असे मला सुचवण्यात आले. तो आज सकाळी लावला आहे. काच नाही, नुसता लावला आहे. यावेळी पदर डावीकडे, पदके उजवीकडे. कुणाला फाडायचा असेल तर फाडावा, माझ्याकडे कागद भरपूर आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'फोटो चुकून उलटा झाला' असे लिहिले होते. ते मी खोडायला लावून 'मी उलटा केला' असे लिहून घेतले व शेजारी सही केली. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

जबाब देणार,
सही/-
शुभांगी शिवपुत्र बिराजदार