मार्कंड्याचं वळण

चोपन्न सालच्या मार्कंड्याच्या जत्रेत, नदीपार नेणाऱ्या डोंग्याची वाट पाहत बसलेल्या देवकाबाईच्या पाठीमागंच वरोऱ्याच्या बँडवाल्यांचं भांडण पेटलं. मास्तरानं चार क्लॅरोनेटांवर सारी वैनगंगा, तिचा पूर अन् इथलं वळण, सुरांत बसवली होती, अन् ती घटकाभरानं मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, मंडपात वाजायची होती. म्हातारी मान न वळवता ऐकत होती.

“मास्तर, माह्यं वळण काऊन काढलं?”

“शालिकराम, मालगुजाराले घाई हाये. पूर वाजवू, टाळ्या घेऊ, संपवू.”

“नदी इथी उत्तरेले वळते, म्हणून देव इथी बसला. त्याच्याच दारात थे वळण गाळता?”

“संथ हाये ना बापा थे! लोक उठून जातेत.”

“तुमचा तिघाइचा पूर दणदणते, तवा मी निस्ता एक सूर धरून उभा राह्यतो. त्या एका वळणासाठी!”

“पुढच्या साली वाजव.”

“समोरचे दोन दात हालून राह्यले माहे. दात गेले का क्लॅरोनेट गेलं!”

“मोठा आला नदीवाला! कोणी ऐकलं का आजवर तुह्यं वळण?”

“नाई ऐकलं. तेच तर बोंबलून राह्यलो!”

“अबे, चौथा सूर नसला तर पूर उभा राह्यन का?”

“तुम्हीच पाहा. मी चाललो.”

डोंगा लागला. देवकाबाई चढून बसली. मागून शालिकराम क्लॅरोनेटची पेटी काखेत मारून चढला. जन्मात कोणासाठी न सरकलेली देवकाबाई टोपली मांडीवर घेऊन सरकली.

“बस इथी, भाऊ. अन् ओ डोंगेवाले, सोडू नको आताच! आधी हा वळण वाजवन. मालगुजाराच्या कानापावतर गेलं पाह्यजे.”