उपास सोडायचा शब्द

(नेइआफू या बेटावरच्या गावातल्या रुग्णालयाचा ओटा. रविवार दुपार.)

लेसिएली : साडेदहाला, आत्या. चर्चमध्ये भजन चालू असताना बाबा बाकावरच कलंडले. लोकांना वाटलं, डोळा लागला.

तौफा : मागच्याच बाकावर होते मी. मला काय सांगतेस? आता कसा आहे सेमिसी?

लेसिएली : सलाइनमधून साखर चाललीय. डोळे उघडलेत. मधेच नीट बोलतात, मधेच बरळतात.

तौफा : साखर? मधुमेहाच्या माणसाला?

लेसिएली : उतरली होती ना पार. काल रात्री इन्सुलिन घेतलं आणि नंतर पोटात काही नाही. धडधाकट माणसाचं यकृत अशा वेळी साठवलेली साखर सोडतं. बाबांचं त्या जुन्या काविळीनं निबर झालंय. साठाच नाही त्यात.

तौफा : उपास मी सांगितला होता.

लेसिएली : हो. सगळ्या घराण्याला.

तौफा : त्याच्या यकृतासाठीच सांगितला ना! आम्ही धरायचा, त्याच्यासाठी. त्याला कोण धर म्हणालं?

लेसिएली : तुम्ही ‘सगळ्यांनी’ म्हणालात. बापाची थोरली बहीण बोलल्यावर आमच्या घरात खुलासा मागतं कोण? मी म्हटलं त्यांना, एक केळं तरी खा. म्हणाले, ताईला विचारून ये. मी आले नाही.

तौफा : का? मी काय शार्क आहे?

लेसिएली : शार्कला निदान नाही म्हणता येतं.

तौफा : तोंड फार चालतं तुझं. डॉक्टर काय म्हणतो?

लेसिएली : मधुमेहामुळे यकृत झपाट्यानं बिघडतंय, आणि यकृतामुळे साखर ताब्यात राहत नाही. म्हणाले, यापुढे एक रात्रही उपाशी काढायची नाही, झोपताना थोडं खायचंच. आणि आत्ताही खायला हवं. इन्सुलिन अजून अंगात आहे.

तौफा : मग भरव की.

लेसिएली : तोंड मिटून पडलेत. उपास संध्याकाळपर्यंत आहे म्हणतात.

तौफा : सांग, ताईनं सोडायला सांगितलाय.

लेसिएली : मघाशीच सांगितलं, तुमचं नाव घेऊन. म्हणाले, खोटारडी. ताई देवाला दिलेला शब्द मोडायची नाही. तुम्हीच आत चला.

तौफा : भाऊ निजलाय त्या खोलीत बहिणीनं जायचं? आपल्यात चालतं का? त्याला मिसरूड फुटल्यापासून आम्ही एका छपराखाली झोपलो नाही. मी आत गेले तर लाजेनं मरेल तो.

लेसिएली : लाजेनं नाही मरायचे.

तौफा : गप्प बस जरा. विचार करू दे. … हे बरळणं साखरेनंच ना?

लेसिएली : तेच कळत नाहीये. डॉक्टर म्हणाले, साखर वर आली आणि डोकं ताळ्यावर आलं तर सुटलो. नाही आलं तर यकृताचं विष डोक्यात चढलंय. मग राजधानीला न्यावं लागेल.

तौफा : आज रविवार. देवाच्या वारी इथून विमान कुठलं उडतंय?

लेसिएली : म्हणून तर म्हणते, आत्या.

तौफा : त्याच्या खोलीची खिडकी कुठे?

लेसिएली : मागे. फणसाच्या झाडाकडे.

तौफा : चल. मी भिंतीकडे पाठ करून उभी राहते. तू आत जाऊन उशाशी बस, काय होतं ते खिडकीतून सांग. … बसलीस?

लेसिएली : बसले. बोला.

तौफा : सेमिसी. मी तौफा. उपास संपला. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन, तुझ्यावर काही नाही. लेसिएली देतेय ते खा. सगळं खा. … ऐकलं का त्यानं?

लेसिएली : ऐकलं. खिडकीकडे बघतायत.

तौफा : आणि साखर?

लेसिएली : नर्सनं आत्ताच बघितली. चांगली वर आलीय.

तौफा : आली ना? मग झालं. खातोय का?

लेसिएली : केळं घेतलंय हातात.

तौफा : काय म्हणतोय?

लेसिएली : आत्या…

तौफा : बोल की.

लेसिएली : विचारतायत, बाहेर कोण बाई बोलतेय.